अडलेली जागा

तुर्भ्याच्या फ्लॅटमध्ये स्वानंद मॅन्डोलिनवर एक अमेरिकन ब्लूग्रास धून कानाने ऐकून बसवत होता. मधली एक जागा इतकी झरझर जायची की सूर हाती लागेनात. शेवटी त्याने हेडफोन लावले आणि मोबाईलवर रेकॉर्डिंगचा वेग अगदी कमी केला.

सूर रबरासारखे ताणले गेले. त्यांच्यामागे कुकरची शिटी वाजली.

"वैदेही, कुकर बघ गं!"

"अरे, अजून लावलाच नाहीये," बायको किचनमधून म्हणाली.

त्याने तीच जागा पुन्हा लावली. शिटी रेकॉर्डिंगमध्येच होती. सूर ताणलेले, शिटी मात्र नेहमीच्या वेगात. मग वैदेहीचाच वैतागलेला आवाज आला, "स्वानंद, पुरे आता. डोकं उठलं माझं." लगेच दाराची बेल. मग तिची किंकाळी. पुढे नुसती खरखर.

त्याने हेडफोन ओढून काढले. काही ऐकूच येऊ नये म्हणून तो बराच वेळ मॅन्डोलिन वाजवत राहिला. अडलेली जागा पहिल्यांदाच बिनचूक आली.

किचनमध्ये कुकरची शिटी झाली.

"स्वानंद, पुरे आता. डोकं उठलं माझं."

दाराची बेल वाजली. तो मॅन्डोलिन बाजूला ठेवून उठू लागला.

"बस तू, मी बघते," म्हणत वैदेही दाराकडे निघाली.