सम्राटच्या मापाचा फेटा

इरावतीनं फेटा थोइबाच्या डोक्यावर ठेवला आणि भरलेलं मैदान गपगार झालं.

हलगीवाल्यांचे हातसुद्धा थांबले. निकाल आत्ताच माइकवरून पुकारला होता आणि जिंकला होता सम्राट. कोल्हापूरचा सम्राट, ज्याचे फलक आठवडाभर चौकाचौकात लागले होते. आणि फेटा चढला कुणाच्या डोक्यावर, तर इंफाळहून आलेल्या त्या सडपातळ पोराच्या. तो घसरून त्याच्या भुवयांवर आला. येणारच की. फेटा दुपारीच बांधून ठेवला होता, सम्राटच्या डोक्याचं माप घेऊन. बॉक्सिंगची लढत व्हायच्या आधी एकाच डोक्याचं माप घेतलं, यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. हंबीररावांनाही नाही.

हंबीरराव म्हणजे इरावतीचे वडील, आणि रिंगच्या कडेला बसलेल्या तीन पंचांपैकी एक. शाळेत क्रीडाशिक्षक होते, आता निवृत्त. पंच म्हणून बसले की कुणाच्या घोटभर चहाला शिवायचे नाहीत, अशी ख्याती. आजही शिवले नव्हते. लढत भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष आण्णा सकाळी घरी आले आणि एवढंच म्हणाले की, फेटा तुमच्या लेकीच्या हातून देऊ, गावाला बरं वाटंल. इरावतीला जन्मापासून ऐकू येत नाही. चित्रकला शिकवते, स्वतःच्या पायावर उभी आहे, पण तिला मानानं स्टेजवर आजवर कुणी बोलावलं नव्हतं. बाप हरखून गेला. पंचाच्या घरचं माणूस सत्काराला असू नये, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच? पण लेकीचं कौतुक होतंय म्हटल्यावर भला माणूसही नियमाकडं जरा काणाडोळा करतो.

आणि लढत? सम्राटनं नुसता हात उगारला तरी मैदान उसळायचं. ठोसा थोइबाच्या ग्लोव्हजवर बसला तरी ‘लागला, लागला’ असा कल्ला, वर हलगीचा कडकडाट. थोइबाचा ठोसा सम्राटच्या बरगडीत बसला की सगळे चिडीचूप, जणू काही झालंच नाही. हंबीररावांची नजर चांगली होती, पण हातातलं पेन कानाचं ऐकत होतं. शेवटच्या फेरीत सम्राटचे गुडघे लटपटले. ते त्यांनी स्वच्छ बघितलं. तेवढ्यात गर्जना उठली, मागून आण्णा ओरडले, आणि हंबीररावांना वाटलं, पोरगं सावरलं की. ती फेरीही त्यांनी सम्राटला देऊन टाकली. पुण्याहून आलेल्या पंचानं लढत थोइबाला दिली होती, गावातल्याच तिसऱ्या पंचानं सम्राटला. निकाल लागला तो हंबीररावांच्या गुणांवर.

आण्णांनी सम्राटचं नाव पुकारलं आणि आनंदाच्या भरात, रेफरीनं विजेत्याचा हात वर करायच्या आतच, इरावतीला खुणावलं की जा. माइकवरचं अक्षरही तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. जो जिंकेल त्याला फेटा, एवढंच तिला सांगितलेलं. तिनं पहिल्या रांगेत बसून सगळी लढत बघितली होती. ती सरळ थोइबाकडं गेली.

आण्णा लगबगीनं माइकवर आले. “मंडळी, माफ करा. पोरीला ऐकू येत न्हाय. चुकून झालं, कुणी हसू नका.”

असं म्हटल्यावर कोण हसायचं राहतंय? मैदान खो खो हसलं. सम्राट तेवढा हसला नाही. तो खाली बघत उभा होता. आण्णांनी थोइबाच्या डोक्यावरचा फेटा उचलला, आणि त्यांना सोपं जावं म्हणून त्या पोरानंच मान वाकवली. इरावती गोरीमोरी झाली.

हंबीररावांना लाज वाटली. आधी वाटली ती लेकीची. चारचौघांत घराचं हसं झालं म्हणून कानाच्या पाळ्या तापल्या. मग त्यांनी रिंगमध्ये नीट बघितलं. जिंकलेल्या सम्राटचा एक डोळा सुजून मिटला होता. हरलेल्या थोइबाच्या तोंडावर ओरखडासुद्धा नव्हता. एवढ्या मोठ्या मैदानात ही लढत गोंगाटावाचून एकाच माणसानं बघितली होती आणि जिंकलेला माणूस तिला बरोबर ओळखता आला होता. मग मात्र हंबीररावांना स्वतःची अशी लाज वाटली की खुर्चीवर बसवेना. ते उठून उभे राहिले.

इरावती रिंगमधून त्यांनाच शोधत होती. नजरानजर होताच तिनं हातांनी विचारलं, मी चुकले?

होय म्हणून टाकावं, असं एकदा त्यांच्या मनात आलं. तिचा बापावर विश्वास होता, तिनं ते मानलंही असतं. पण तेवढं त्यांच्यानं झालं नाही. त्यांनी हात वर करून सावकाश सांगितलं. तू बरोबर आहेस. मी चुकलो.

सांगितलं आणि त्यांना हलकं वाटलं. भर मैदानात कबुली दिली होती, आणि आजूबाजूला कुणाला तिचा पत्ताही नव्हता. आण्णा सम्राटच्या डोक्यावर फेटा बसवत होते. हलगी पुन्हा सुरू झाली होती.

इरावतीनं आण्णा मघाशी बोलले त्या माइककडं बोट केलं, आणि हातांनी म्हणाली,

“मला काय सांगता, आप्पा? ज्यांना ऐकू येतं, त्यांना सांगा.”