पहिला पॅनकेक सॅस्क्वॉचचा

झुडपामागे उकिडवा बसलेला टोबी घामाने निथळत होता. अंगात केसाळ झगा, तोंडावर केसाळ मुखवटा, आणि दोन्हींना डांबराच्या गोळ्यांचा असा वास, की एक शिंक आली असती तर सगळाच बट्ट्याबोळ. समोरच्या मोकळ्या जागेत तोडलेल्या सीडरचा जुना बुंधा होता. बुंध्यावर एक वेडावाकडा, एका बाजूने करपलेला पॅनकेक.

तव्यावरचा पहिला पॅनकेक बिघडतोच, आणि तो सॅस्क्वॉचचा, हा या घरातला नियम. दंतकथांमधला, जंगलात राहणारा तो केसाळ, धिप्पाड गडी दर उन्हाळ्यात, केबिनवर आल्याच्या दुसऱ्या सकाळी झाडीतून यायचा. पॅनकेक खायचा, खिडकीतल्या मुलांकडे एकदा वळून बघायचा आणि निघून जायचा. टोबीच्या मोठ्या बहिणीला, इंग्रिडला तर तो हातही करायचा. टोबीकडे मात्र त्याने कधी ढुंकून बघितलं नाही. "तू त्याला आवडतच नाहीस रे," इंग्रिड चिडवायची. झग्याच्या आत बाबा असतो हे बाराव्या वर्षी कळलं, तेव्हा तर टोबीला ते जास्तच लागलं.

आता व्हरांड्यातल्या खुर्चीत तोच बाबा, म्हातारा आर्विड, गुडघ्यांवर गोधडी घेऊन बसला होता. शेजारी टोबीची सात वर्षांची विनी. आर्विडला हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. काल त्याने टोबीलाच दोनदा विचारलं, "नळ झाला का दुरुस्त?" आणि वर अदबीने आभार मानले. असं वर्षभर चाललं होतं. माणसं नाहीत तर नाहीत, निदान हा केसाळ तरी त्याला आठवेल, आणि केसाळावरून कदाचित आपणही आठवू, एवढ्या आशेवर टोबीने माळ्यावरची पेटी उघडली होती.

तो उठला आणि झाडीतून बाहेर आला. ताठ चालत बुंध्यापाशी गेला, पॅनकेक उचलला.

"आजोबा," विनीचा आवाज एवढासा झाला. "तो आला."

आर्विडने डोळे बारीक करून बघितलं. "हा तो नव्हे."

"मग कोण?"

"कोणीतरी भलताच पाठवलाय. चालता पण येत नाही धड."

आणि दोन दिवस खुर्चीतून न हललेला म्हातारा गोधडी बाजूला टाकून उठला. स्वयंपाकघराच्या दारातून इंग्रिड उलथनं घेऊन धावली, पण तोवर तो पायऱ्या उतरलाही होता. सपाता घातलेले पाय, त्यातला डावा ओढत. लाकूडतोडीत ओंडका अंगावर आला तेव्हापासून तो गुडघा वाकत नाही. तो सरळ बुंध्यापाशी आला आणि त्याने टोबीचं केसाळ कोपर धरलं.

"नवीन आहेस का?" त्याने हळूच विचारलं.

टोबीने मान डोलावली.

"वाटलंच. माझ्या जागी आलायस ना? मग नीट ऐकून घे. डावा पाय ओढायचा. इथला सॅस्क्वॉच लंगडा आहे, मुलांना माहीत आहे. खाताना पाठ फिरवायची, मुखवटा वर करावा लागतो. जाताना त्या वाकड्या झाडापाशी थांबून एकदा वळायचं. मोठी मुलगी आहे ना, तिला हात करायचा. तिला आवडतं."

"बरं," मुखवट्यातून आवाज आला.

"आणि धाकट्याकडे बघायचं नाही. काही झालं तरी नाही."

टोबीच्या हातातला पॅनकेक तुटून अर्धा खाली पडला. "का?" त्याने विचारलं.

"घाबरतो तो." आर्विडने मागे व्हरांड्याकडे एक नजर टाकली, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून. "पहिल्या वर्षी मी बघितलं त्याच्याकडे. पोराचं तोंड पांढरंफटक. चार दिवस माझी मांडी सोडली नाही त्याने. पण पुढच्या वर्षी बघतो तर काय, खिडकीत सगळ्यांच्या आधी तोच. दोन्ही हात काचेला लावून. म्हणून मी बघत नाही. मी बघितलं नाही, की तो मला पोटभर बघतो."

टोबीला काही बोलायचं होतं. चाळीस वर्षांचं बोलायचं होतं. पण मुखवट्यात डोळ्यांची भोकं दोनच, आणि आता त्यांतून त्याला काही धड दिसत नव्हतं.

"फार गुणी पोरगा आहे," आर्विड म्हणाला, आणि त्याने झग्याची उसवलेली बाही दोन बोटांनी नीट केली. "चल, नीघ आता. मुलं बघताहेत."

टोबीने पाठ फिरवली, मुखवटा वर करून उरलेला अर्धा पॅनकेक खाल्ला. करपलेलाच लागला. मग तो निघाला, डावा पाय ओढत.

"आता कसं," मागून म्हातारा म्हणाला.

वाकड्या झाडापाशी टोबी थांबला आणि वळला. आर्विड परत पायरीशी पोहोचला होता. त्याच्या पायजम्याला घट्ट धरून विनी मागे उभी होती, तोंड पांढरंफटक, एकच डोळा बाहेर.

तिला हात करायचं टोबीने कालपासून ठरवलं होतं. अर्धा वर गेलेला हात त्याने खाली घेतला. मान दुसरीकडे वळवली आणि धुराड्यातून निघणाऱ्या धुराकडे बघत तो, बाबा थांबायचा त्याहून बराच जास्त वेळ, तसाच उभा राहिला, त्या दोघांना पोटभर बघता यावं म्हणून.