आधी अध्यक्ष

एकोणीसशे अठ्ठेचाळीसचं साल. रेडिओवरची वार्षिक व्याख्यानमाला ऐकायला राहुरीच्या वाचनालयात सारं गाव जमे, आणि रेडिओला हार घालून शेजारी अध्यक्ष म्हणून बसत ते दत्तोपंत हेडमास्तर. गेल्या साली त्यांचं प्रास्ताविक ऐन रंगात आलं असताना रेडिओतले वक्ते खुशाल मध्येच बोलायला लागले होते. तो अपमान दत्तोपंत विसरले नव्हते.

यंदाचा विषय होता ज्वारीवरचा काणी रोग. शेतातली सगळी कणसं त्यानं काळी पडली म्हणून गोजरबाई दोन कोस चालत आल्या आणि पार पुढे बसल्या. वक्त्यांनी तोंड उघडलं मात्र, दत्तोपंतांनी "आधी अध्यक्ष!" म्हणत, वर्गातल्या कार्ट्याचा कान पिळावा तसं आवाजाचं बटण पिळलं. रेडिओ गप्प झाला. मग वेदकाळातल्या शेतीपासून सुरुवात करून ते पाऊण तास बोलले, आणि "आता वक्त्यांना विनंती करतो," म्हणून त्यांनी बटण उलटं फिरवलं.

"...एवढा उपाय केलात, तर काणी पुन्हा येणार नाही. नमस्कार."

टाळ्या एकट्या दत्तोपंतांनी वाजवल्या.



गोजरबाई पदर झटकून उठल्या. "मास्तर, तुमी भलत्याचाच कान पिळला."