‘म’चा चौकोन

“म!” मी टाळी वाजवून ओरडले आणि पहिलीची सगळी पोरं धूम पळत पायरीजवळच्या चौकोनात जाऊन उभी राहिली. त्या चौकोनात मी खडूनं ‘ग’ लिहिला होता.

मला काही कळेना. तीन महिने हा अक्षरांचा खेळ रोज चालला होता, कुणी कधी चुकलं नव्हतं. “अरे, म!” मी पुन्हा ओरडले. पोरं तिथेच आणखी दाटीवाटीनं उभी राहिली.

मग आठवलं. रविवारी कुणीतरी व्हरांडा धुतला होता, त्यात चौकोनांतली अक्षरं पुसली गेली होती आणि आज सकाळी घाईत मी अक्षरं उलट्या टोकाकडून लिहीत आले होते. म्हणजे पोरांना नुसती जागा पाठ होती? मग तीन महिने मी शिकवलं तरी काय?

यल्लू अजून वाटेतच होती. दगड फोडणाऱ्यांच्या पालावरची ही पोर, घरी मराठी नाही. खेळात रोज शेवटी पोचायची, म्हणून शनिवारीच मी तिच्या नावापुढे ‘मागे पडते’ असा शेरा मारला होता. एकेका चौकोनाशी वाकून बघत ती नळाजवळच्या ‘म’वर जाऊन एकटीच उभी राहिली.

“यल्लू चुकली!” पोरांनी गलका केला. तिनं खाली पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि त्यांच्याकडं जायला पाय उचलला.

“थांब गं!” मी धावत जाऊन तिच्याच चौकोनात उभी राहिले.

 पोरं टाळ्या पिटत ओरडली, “बाई पण चुकल्या!”