सोड्यांचा वास

पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत शर्वरी जपानी मांगा चित्रकथा वाचत होती. त्यातले साहसवीर भुयारात उतरून राक्षसांशी लढायचे, मग त्यांनाच शिजवून एका पातेल्याभोवती जेवायला बसायचे. कुणीच नाक मुरडत नव्हतं. उलट शेवटच्या वाटीवरून भांडणं चालली होती.

हर्णैहून आईनं वाळवलेल्या कोलंबीचे सोडे पाठवले होते. घरमालकिणीच्या धाकानं ते महिनाभर कपाटात, कपड्यांखाली दडवलेले होते. शर्वरीनं पुस्तक मिटलं, सोडे बाहेर काढले, भात लावला, कांदा चिरला आणि खिडकी सताड उघडून कढई चढवली.

थोड्याच वेळात दारावर थापा पडल्या. घरमालकीण पदर नाकाला लावून उभी होती.

"काय शिजवतेयस? अख्ख्या जिन्यात वास भरलाय!"

"सोडे, काकू. आईनं पाठवलेत."

"असलं खायचं असेल तर खोली सोड. आत्ताच्या आत्ता!"

शर्वरीच्या ओठांवर नेहमीचं 'सॉरी काकू' आलं होतं. तिनं ते गिळलं. ताट वाढून घेतलं आणि उघड्या दारासमोरच मांडी घातली.

"सोडते," ती म्हणाली. "पण जेवून."