दाराचं माप

"मी काही तुझ्याकडे येत नाही. इथे माझ्या वयाची माणसं आहेत, पत्त्यांचा डाव जमतो," अण्णांनी लेकीला सांगून टाकलं, तेही तिच्याकडे न बघता, जावयाकडे बघत. घराचं काम होईपर्यंतच म्हणून तिने वडलांना वृद्धाश्रमात ठेवलं होतं. त्यांच्या खोलीपायी ती दोन महिने नोकरी सांभाळून धूळ खात होती, मुलांना हॉलमध्ये झोपवत होती. सुताराला मापं देण्याचं काम तेवढं नवऱ्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. आणि आता ऐनवेळी बापानेच तोंड फिरवलं! येताना गाडीत ती हमसून हमसून रडली. नवरा बिचारा एका हाताने गाडी चालवत होता आणि दुसऱ्या हाताने तिची पाठ थोपटत होता. "जाऊ दे गं, म्हाताऱ्या माणसाची मर्जी. तू काही कमी केलं नाहीस."

घरी आल्यावर तिने तोंड धुतलं आणि त्या खोलीत रंधा मारत बसलेल्या सुतारकाकांना गाठलं. "काका, दार रुंद करायचं राहू द्या आता. अण्णांची व्हीलचेअर येणार नाही."

सुतारकाकांनी मापांची वही चाळली. "दार रुंद करायचं होतं? मला नाही कुणी बोललं, ताई. साहेबांनी तर पहिल्याच दिवशी सांगितलंय, आजोबा काही येणार नाहीत, इथे माझं ऑफिसचं टेबल बसवा."

स्वयंपाकघरातून नवऱ्याची हाक आली, "चहा टाकू का गं तुला? फार रडलीस आज."