पट्टीचा नंबर

स्मशानात भट्टी चालवणाऱ्याचा मुलगा भांडून घर सोडून गेला, त्याला सहा वर्षं झाली. त्याआधी झालेल्या अपघातानंतर मुलाच्या मांडीत स्टीलची पट्टी बसवली होती आणि तिचा नंबर आईला तोंडपाठ होता. बेवारस मृतदेह बांधूनच येत, चेहरा बघायची सोय नसे. म्हणून राख चाळताना धातूचा तुकडा हाती लागला की बाप आधी त्यावरचा नंबर वाचायचा.

"आज काही?" प्रार्थना आटोपून बायको रोज संध्याकाळी विचारायची.

"नाही गं."

"तुमचं ‘नाही’ ऐकलं की मगच घास उतरतो बघा घशाखाली," म्हणत ती मुलाचंही ताट वाढायची.

तो नंबर दोन वर्षांपूर्वीच निघाला होता. आपल्याच हातानं भट्टीचं बटण दाबलं, हे तिला कोणत्या तोंडानं सांगणार? पट्टी त्यानं कामावरच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी दडवली होती. पण आज नोकरीचा शेवटचा दिवस होता. उद्यापासून तिला द्यायला ‘नाही’सुद्धा उरणार नव्हतं, या विचारात सकाळी चपला घालून तो दारातच थांबला.

बायकोनं पुढे होऊन त्याची कॉलर नीट केली.



"येताना त्याला घेऊन या हो आता. दोन वर्षं झाली, जेवताना तुम्ही त्याच्या ताटाकडे बघत नाही."